सासऱ्यांच्या गाडीचा रक्तदाब

हवेच्या बाबतीत आपल्याला शिकवेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं थोरल्या जावयाचं प्रामाणिक मत होतं. मोठ्या इमारतींत हवा खेळवणारे पंखे बनवणाऱ्या कंपनीत तो दिवसभर नळ्यांमधला दाब मोजायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला खिडक्या कशा उघडायच्या ते सांगायचा!

त्यामुळे परदेशी मुलाकडे जाताना सासऱ्यांनी गाडीची किल्ली हातात ठेवली तेव्हा त्याचे हात शिवशिवले. गाडी साधीसुधी नव्हती. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता, म्हणजे आत जबरदस्तीने हवा कोंबणारा पंप. सासरे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. जाताना ते म्हणाले होते, "वय झालं आता. परत आलो की गाडी तुम्हां दोघा जावयांपैकी एकाला देऊन टाकणार. जो हिची काळजी घेईल त्याला."

धाकटा जावई विमा विकायचा. त्याने लगेच गाडीवर घालायला खोळ आणून दिली.

"खोळ काय, कुणीही घालेल!" थोरला बायकोला म्हणाला. "मी हिचे कॅमशाफ्टच बदलणार!"

"ते काय असतं?"

"इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, ते ठरवणारे दांडे. झडपा जास्त उघडल्या की इंजिन मोकळा श्वास घेणार!"

"बाबांना विचारलंस?"

"सरप्राइज आहे!"

"तुझ्या मागच्या सरप्राइजनंतर बाथरूमचं दार उघडेना." हवा बाहेर खेचणारा पंखा जरा जोरकस बसला होता, एवढंच.

मेकॅनिकनेही टोकलं. "साहेब, पंप हवा कोंबतोच आहे. आणखी जोर हवा तर पंप फिरवणारं चाक, पुली, तेवढी बदला, स्वस्तात काम होईल. झडपा फार वेळ उघड्या राहिल्या तर पुढच्या दारानं आलेली हवा मागच्या दारानं पसार! बरं, बदलायचेच तर सौम्य घ्या."

थोरल्याने सौम्यपेक्षा एक पायरी वरचे घेतले. माणसाचा स्वभाव!

सासरे परतले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. एरवी मांजरासारखं गुरगुरणारं इंजिन धड... धडधड... धड... असं अडखळू लागलं. उभी गाडी थंडी भरल्यासारखी थरथरत होती.

सासऱ्यांचा चेहरा गंभीर झाला. ते आत जाऊन स्टेथोस्कोप घेऊन आले आणि बॉनेटला लावून डोळे मिटून ऐकत राहिले.

"ठोके अनियमित आहेत," ते म्हणाले. मग एक चक्कर मारून आले. "आणि दाब पडलाय! पूर्वी पंपाचा काटा कुठवर जायचा! जावईबापू, मी नसताना हिला काय झालं?"

थोरल्याला उत्तर पाठ होतं. वाट मोकळी झाली की दाब उतरतो आणि हवा जास्त वाहते, हे तो ऑफिसात शिपायालासुद्धा समजावून सांगायचा. पण वाट कुणी मोकळी केली, हेही मग सांगावं लागलं असतं.

"प्रवासाचा शीण असेल, बाबा."

"प्रवास मी केला! ती घरी होती!"

धाकट्याने संधी साधली. "बाबा, सुपरचार्जर गेला. माझ्या ओळखीचा एक जण आहे, अख्खं इंजिन उतरवून देईल."

"जो हिला बरी करेल," सासऱ्यांनी जाहीर केलं, "गाडी त्याची!"

सगळे चहाला आत गेल्यावर थोरल्याने गुपचूप लॅपटॉप जोडून उभ्या गाडीतल्या इंजिनाची गती वाढवून टाकली. थरथर थांबली! सासऱ्यांनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला.

"ठोके नियमित झाले, पण नाडी फार जलद आहे. आजार आत गेलाय."

"मी नेतो हिला गॅरेजात," म्हणत धाकटा आत बसला आणि त्याने रिव्हर्स टाकला. गाडी ऑटोमॅटिक, इंजिन उधळलेलं. ती अशी काही मागे उसळली की धाकट्याचा ब्रेक लागेपर्यंत कपड्यांची दोरी तुटून ओली चादर टपापासून चाकांपर्यंत पसरली होती.

सासरे हळू आवाजात म्हणाले, "संपलं. चादरही ओढली."

"अहो, ती माझी आत्ताच धुतलेली आहे!" सासूबाई ओरडल्या.

आता थोरल्याला राहवेना. "बाबा, तिला काही झालेलं नाही! मी कॅमशाफ्ट बदललेत. दाब पडला तो वाट मोकळी झाली म्हणून. तुम्ही जन्मभर लोकांच्या वाटा मोकळ्याच करत आलात ना?"

सासऱ्यांनी स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला. "म्हणजे झडपांवर शस्त्रक्रिया. नातेवाइकांची संमती घेतली होतीत?"

"मी म्हटलं होतं, बाबा, विचार म्हणून!" बायकोने हात झटकले.

"हं. ती गती आधी होती तशी करा आणि बसा गाडीत. हृदय बसून तपासत नसतात, पळवून तपासतात."

टेकडीच्या रस्त्याला गाडी सुरुवातीला जरा सुस्तच वाटली. थोरला मनातल्या मनात खोळीवाल्या धाकट्याचं अभिनंदन करू लागला. आणि मग वळण संपलं, समोर सरळ चढ आला, सासऱ्यांनी पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढतच गेला, आणि एका क्षणी कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी गाडी सुटली! थोरल्याचं डोकं सीटला चिकटलं. शेजारी मात्र सासरे शाळा सुटल्यासारखे हसत होते. तसं हसताना त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं.

'मिळाली!' थोरल्याने मनात म्हटलं.

घरी येताच सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. "थोरल्यांचं बरोबर होतं. प्रकृती उत्तम आहे, पूर्वीपेक्षा उत्तम! तेव्हा गाडी..." थोरल्याने नम्रपणे मान खाली घातली. "...कुणालाही देत नाही. ही असली गाडी सोडण्याइतकं माझं वय झालेलं नाही!"

धाकटा खोकला. थोरल्याची मान खालीच राहिली.

"आणि हो, ते जुने दांडे कुठे आहेत?"

"माझ्याकडे आहेत, बाबा."

"असू द्या. ते तुम्हालाच."

परतताना बायको म्हणाली, "अरे, तोंड का पाडतोस? धाकटीच्या नवऱ्याला तर चादर धुवायला लावलीय आईनं!"