अहो नावाचा घोडा

घोड्याला नावानं हाक मारायची मावशींना पहिल्या दिवसापासूनच चोरी वाटली. एक तर नाव परदेशी आणि लांबलचक, तोंडात मावेना. आणि दुसरं म्हणजे करड्या रंगाचा, वयानं थोराड, सदा विचारात पडलेला तो घोडा नाकावर चष्मा ठेवला असता तर थेट मावशींच्या यजमानांसारखा दिसला असता. त्यामुळे दोरी हातात येताच त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "अहो, चला ना." आणि अहो चालू लागले.

मावशी म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि स्वतः मात्र मध्ये चकार शब्द काढायचा नाही, अशी ती नोकरी. दिवसभर साठलेलं सगळं बोलणं संध्याकाळी यजमानांवर निघायचं. यजमान गेले आणि बोलणं तसंच साठत राहिलं. मुलगा दूर. फोन केला की "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणायचा आणि त्याची मीटिंग काही संपायची नाही. शेवटी भाचीनं उपाय काढला. परदेशात एक प्रकल्प आहे, लहान मुलांना घोड्यावर बसवून उपचार करतात, तिथे काही महिने सेवा कर, माणसांत राहशील.

मावशी माणसांत राहिल्या खऱ्या. पण तिथली भाषा त्यांना आली ती कामापुरती. तेवढ्या भाषेत घोड्याचा खरारा भागायचा, मनातलं काही बाहेर यायचं नाही. संध्याकाळी आपल्या खोलीत परतल्या की एक पलंग, एक खिडकी आणि एक कपाट. सकाळपर्यंत बोलायला कुणी नाही. कधी कधी त्या कपाटाचं दार उगीच उघडून बंद करायच्या, तेवढाच आवाज.

काम मात्र छान होतं. ज्या मुलांचे हातपाय त्यांचं ऐकत नाहीत, त्यांना घोड्यावर बसवायचं. घोड्याच्या संथ चालीनं मुलाची कंबर हलते, पाय सैल होतात. दोघांनी दोन्ही बाजूंनी मुलाला धरायचं, एकानं पुढे दोरी धरून गोल मैदानात घोडा फिरवायचा. मावशींकडे दोरी होती. आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जन्मात पहिल्यांदाच भेटलेला, कान टवकारून ऐकणारा श्रोता होता. मग काय विचारता! गच्चीवरची गळकी टाकी, दिराचं वागणं, नणंदेनं लग्नात दिलेला बिनझाकणाचा डबा, सगळं अहोंच्या कानावर गेलं. बाकीच्यांना वाटलं, बाई घोड्याला धीर देताहेत.

मग मावशींना ताप आला आणि घोडा थांबला. कायमचाच थांबला म्हणा ना. प्रकल्पातला उंच फिजिओ पुढून ओढून थकला, मागून ढकलून थकला. गाजरं दाखवली, ती अहोंनी शांतपणे खाल्ली आणि पुन्हा उभे राहिले. जनावरांच्या डॉक्टरांनी खूर पाहिले, दात पाहिले, पोटाला कान लावला आणि सांगितलं की शरीरात काही बिघाड नाही, मनातलं मला कळत नाही. वर बसलेली रिबिनवाली चिमुरडी रडवेली झाली. तिचे पाय काठीसारखे ताठ असायचे आणि फक्त याच पाठीवर सैल व्हायचे. दुसऱ्या घोड्यावर बसवलं की ती किंचाळायची.

कुणीतरी मावशींना बोलावलं. त्या तापातच शाल गुंडाळून आल्या, घोड्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे काय चालवलंय? चार लोकांत शोभतं का हे?"

घोड्यानं एक लांब सुस्कारा सोडला आणि चालायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रकल्पाच्या मोठ्या बाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी मावशींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हे तर जास्तच वाईट झालं. तुम्ही महिनाअखेर जाणार. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली न चालणारा घोडा मला ठेवता येत नाही. त्याला लांबच्या शेतावर पाठवावं लागेल."

मावशींच्या घशाखाली घास उतरेना. आपलं तोंड बंद राहिलं नाही म्हणून एका मुक्या जनावराची नोकरी जाणार, आणि त्या पोरीचे पाय पुन्हा ताठ होणार. त्यांनी दोन दिवस घोड्याशी अबोला धरून पाहिला. घोडा रुसला आणि मावशी अर्ध्या झाल्या. तेव्हा एकच मार्ग उरला, की मावशी जे बोलतात ते इतरांनी शिकायचं.

नुसतं "चला ना" म्हणून भागेना. घोड्याला गाऱ्हाणं लागायचं. फिजिओ मोठ्या तयारीनं शिकायला बसला आणि पहिल्याच वाक्याला त्यानं अर्थ विचारला. आता सांगायचं काय? मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पटकन बोलून गेल्या, की हे आमच्याकडचं जुनं स्तोत्र आहे, यानं मन शांत होतं.

झालं. फिजिओनं डोक्यावरची टोपी काढली, डोळे मिटले आणि अतिशय भक्तिभावानं म्हणाला, "अहो, तुमच्या बहिणीनं लग्नात दिलं काय, तर डबा. तोही झाकणाशिवाय." अहो जागचे हलले नाहीत.

"असं गोड नाही. रागानं म्हणा," मावशी म्हणाल्या.

"स्तोत्र रागानं?"

"आमच्याकडे तसंच म्हणतात."

रोज सकाळी तबेल्यात पाठ सुरू झाला. दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या मदतनीस बायकाही शिकल्या. सूर जमायला वेळ लागला, पण एके दिवशी फिजिओनं कमरेवर हात ठेवून "आणि वर मलाच बोल लावता!" असं काही ठसक्यात म्हटलं, की घोडा मान खाली घालून निमूट निघाला. मावशी त्या रात्री खोलीत एकट्याच हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. सगळा तबेला आता त्यांची भाषा बोलत होता आणि कळत एकालाही नव्हती.

परीक्षा ठरली देणगीदार भेटीला येणार त्या दिवशी. मावशींनी कुंपणाबाहेर गप्प उभं राहायचं, अशी मोठ्या बाईंची सक्त ताकीद होती. फिजिओनं दोरी धरली, चिमुरडी वर बसली आणि दोन्ही बाजूंच्या बायकांसकट तिघांनी एकसुरात टाकीपासून दिरापर्यंत सगळं म्हणायला सुरुवात केली. अहो चालले. पोरीचे पाय हळूहळू सैल पडले. मोठ्या बाई पाहुण्यांना अभिमानानं समजावून देत होत्या की हे एक प्राचीन स्तोत्र आहे.

तेवढ्यात मावशींचं लक्ष गेलं. पाहुण्यांत स्वेटर घातलेले एक म्हातारे गृहस्थ तोंडाला रुमाल लावून गदगदा हलत होते. एका देणगीदाराचे सासरे, लेकीकडे राहायला आलेले. यांना शब्दन् शब्द कळतोय, हे मावशींनी ओळखलं. त्यात जावयानं सगळ्यांसमोर त्या गृहस्थांना विचारलं, "ही तुमचीच भाषा ना? काय आहे हे स्तोत्र?"

मोठ्या बाई कौतुकानं वळल्या. मावशींनी कुंपण घट्ट धरलं. गृहस्थांनी डोळे पुसले, मावशींकडे एकदा पाहिलं आणि जावयाला त्याच्या भाषेत शांतपणे सांगितलं, "स्तोत्रच आहे. आमच्या घरी रोज सकाळी व्हायचं. बायको गेल्यापासून बंद आहे."

मोठ्या बाईंनी छातीवर हात ठेवला. घोडा इथेच राहील, असं त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं आणि पाहुण्यांना चहाला नेलं. गृहस्थ मात्र मागेच रेंगाळले. कुंपणाशी येऊन ते मावशींच्या शेजारी उभे राहिले.

"डब्याचं खरं का हो?" त्यांनी विचारलं.

"अगदी खरं."

"मग? पुढे काय झालं?"

असं त्यांना कुणी विचारून किती काळ लोटला होता! मावशी गृहस्थांकडे वळल्या. "पुढचं फार मोठं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वेळ आहे का?"

"वेळ तेवढाच आहे बाई. बाकी काही नाही."

मावशींनी शाल सावरली, घसा साफ केला आणि थेट लग्नाच्या बोलणीपासून सुरुवात केली.