मढवी बाईंचं भांडण

आमच्या वर्तकनगरच्या शाळेत दोन पोरं एकमेकांच्या कॉलरला धरून उभी असली, की बाकीची पोरं "मढवी बाई! मढवी बाई!" असं ओरडत मैदानाकडे धावतात. मुख्याध्यापकांचं नाव कुणी घेत नाही.

बाई पीटी शिकवतात. गळ्यात शिट्टी असते, पण ती वाजवायची गरज पडत नाही. बाईंचा आवाजच पुरतो. डोंबिवलीच्या कडेला बिल्डिंगांनी गिळत आणलेलं एक गाव आहे, बाई तिथल्या मूळच्या आगरी. एरवी शाळेची शुद्ध भाषा बोलतात. भांडण दिसलं की मात्र गावची जीभ बाहेर येते.

"मना सांग, काय झाला?"

"बाई, याने पहिलं मारलं मला!"

"ए, मी कधी मारलेलं?"

"थांब. तुजा ऐकला. आता त्याचा सांग."

ही बाईंची सगळी विद्या. ज्याने तक्रार केली, त्याने समोरच्याची बाजू सांगायची. "मी" म्हणून सांगायची, आणि समोरचा "हो, असंच झालं" म्हणेपर्यंत सुटका नाही. एकदा सहावीतला साहिल रुद्रची बाजू सांगायला लागला, "मी रुद्र. माझा डबा सगळ्यांनी खाल्ला, मला कोणी विचारलं पण नाही..." आणि पुढे रुद्रच्याच दुःखाने भोकाड पसरून रडायला लागला. शेवटी रुद्रने त्याला गप्प केलं. "जाऊ दे रे. भूक नव्हतीच मला."

मोठ्यांनाही सवलत नव्हती. स्टाफरूममधल्या पंख्यावरून माझं आणि सावंत सरांचं वर्षभर चाललेलं. मी बंद करायची, ते चालू करायचे. बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवलं.

"मी सावंत सर," मी दातओठ खात म्हटलं. "मला फार घाम येतो. शर्ट पाठीला चिकटतो, मग मागच्या बाकावरची पोरं हसतात."

सर खाली मान घालून म्हणाले, "मी मराठीच्या बाई. मला सायनस आहे. डोकं ठणकत असतं, पण मी रजा घेत नाही, कारण दहावीचा वर्ग आहे."

हे त्यांना माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी आपली खुर्ची खिडकीपाशी नेली.

एवढं सगळं करणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता. मला ते कळलं त्यांच्या घरी गेले तेव्हा. अंगण एकच, पण मधोमध विटांची भिंत. पलीकडे कुणीतरी खोकलं.

"कोण राहतं तिकडे?"

"भाव," बाई म्हणाल्या, आणि चहा गाळत राहिल्या.

मग हळूहळू सांगितलं. वडील गेल्यावर जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही बाईंनी करावी, म्हणून भावाने कागद पाठवले, ते एका एजंटाच्या हातून. "मना जमीन नको होती गो. सोता आला असता, तर चाय पिता पिता सही केली असती. परका मानूस धाडला माझ्या दारात." बाईंनी एजंटाला हाकललं. पुढे त्या ठाण्याहून गावी राहायला परतल्या, तेव्हा भावाने भिंत घातली.

मी सहज म्हणून गेले, "बाई, तुमचं ऐकलं. आता त्यांचं सांगा."

बाईंनी कप खाली ठेवला. भिंतीकडे वळल्या.

"तो बोलंल, ही शिकली, नोकरीला लागली, ठाण्याला गेली. बापाला शेवटी धुतला-पुसला तो मी. माझ्या बायकोनं. ही रविवारी पाव्हनी म्हणून यायची. मंग हिच्या दारात जाऊन हात पसरायचा मीच का?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "खरा हाय त्याचा."

"मग जा ना बाई. चार पावलं तर आहेत."

"पोरांना सांगाला सोपा असतंय," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर भावाला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत होती, पण उजवी बाजू गेली. कल्याणच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. बाईंना ते गावातल्या दुकानदाराकडून कळलं. शाळा सुटली की त्या स्कूटर काढायच्या आणि थेट कल्याण गाठायच्या. वहिनीने अडवलं नाही. बाई स्टुलावर बसायच्या. भाऊ तोंड फिरवून खिडकीकडे बघायचा.

"बोलले का काही?" मी रोज विचारायचे.

"नाय."

"तुम्ही?"

"मी बोलते. तुजा चुकला नाय, बोलते. बापाचा तूच केलास, बोलते. ऐकतो का नाय, कोन जानं."

तीन आठवड्यांनी तो गेला. शेवटपर्यंत बहिणीशी एक शब्द बोलला नाही. बाई दहा दिवसांनी शाळेत आल्या. पोरांच्या कवायती घेतल्या, शिट्टी वाजवली. आवाज लागत नव्हता.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाई डबा उघडून तशाच बसल्या होत्या.

"काल हॉस्पिटलात गेलेले," त्या म्हणाल्या, "तिकडच्या सिस्टरांना फळं द्यायला. पोरींनी फार केला त्याचा. त्यातली एक मना बोलते, मावशी, तुम्हाला यायला उशीर झाला, की ते दाराकडं बघत बसायचे. सारखं विचारायचे, ताय आली का, ताय आली का. तुमच्या चपलांचा आवाज आला, की तोंड फिरवायचे."

मैदानावर पोरांचा गलका चालला होता. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मना आधी सांगायला नको का गो कुनी," त्या म्हणाल्या.