डॉक्टर केळशीकर आणि कडकडीत पाणी

डॉक्टर केळशीकर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मला नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या गरम पाण्याच्या टाकीला स्टेथोस्कोप लावला.

दारातून आले, कोट काढला, "टाकी कुठाय?" म्हणाले आणि तडक जिना चढून वर गेले. नॉटिंगहॅममधल्या आमच्या घरात, इथल्या बहुतेक घरांत असते तशी, वरच्या मजल्यावर एका कपाटात तांब्याची उभी टाकी होती. तिच्या पोटात विजेचा हीटर. उरलेल्या जागेत लोक कपडे उबेला ठेवतात. मी धाकट्याची दुपटी ठेवली होती. ती बाजूला सारून केळशीकरांनी टाकीच्या पोटाला स्टेथोस्कोप टेकवला, डोळे मिटले, दोन-तीन टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे वळून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वहिनी, मूतखडा."

खालून आमचे हे आमटी गार होतेय म्हणून हाका मारत होते. मला मात्र या माणसाचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांना दुसरी पोळी वाढताना आग्रह केला नाही.

आता, दोष पाण्याचा होता हे खरंच. नॉटिंगहॅमचं पाणी जड. तूरडाळ तासन् तास गॅसवर ठेवा, दाणा म्हणायचा मी शिजणार नाही. साबणाला फेस नाही. केटलीच्या बुडाला पांढरी खपली. तेच पाणी टाकीत तापलं की त्यातला चुना हीटरवर बसत जातो, दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसा. मग टाकी कण्हायला लागते, पाणी कोमटाच्या पुढे जात नाही आणि ऐन जानेवारीत हीटर मान टाकतो. इंग्रज माणसाला त्याचं सोयरसुतक नसतं, कारण तो रविवारी अंघोळ करतो. आपल्याला रोज बादलीभर लागतं, तेही जेवणाआधी, सणाला तर उजाडायच्या आधी.

केळशीकर आमच्या ह्यांच्याच हॉस्पिटलात मूत्रविकार विभागात रजिस्ट्रार होते, म्हणजे कन्सल्टंटच्या एक पायरी खाली. किती वर्षं, ते विचारायची सोय नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेली गोरी पोरं बघता बघता कन्सल्टंट होऊन गेली आणि हे ऑपरेशनच्या टेबलाशी चिमटे ओढून धरत तिथेच उभे राहिले. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. पण शनिवार उजाडला की कुणा ना कुणा मराठी माणसाच्या कपाटात ते कन्सल्टंट होत.

"हिस्टरी सांगा," ते म्हणायचे. "केव्हापासून कण्हतोय? सकाळी जास्त का संध्याकाळी?" मग आमच्या ह्यांच्याकडे बोट. "पेशंटला भूल द्या." आमचे हे धंद्यानंच भूल देणारे डॉक्टर. मुकाट्यानं जिन्याखाली जाऊन मेन स्विच बंद करायचे. मग टाकीतलं पाणी नळी लावून बाथरूमच्या खिडकीतून खाली सोडायचं, भल्यामोठ्या पान्यानं हीटर सोडवायचा आणि तो व्हिनेगरच्या बादलीत बुडवायचा. आठवडाभर घराला मुरलेल्या लोणच्याचा वास. निघालेले खडे बशीत घालून ते आम्हाला दाखवायचे, आणि आम्हीही बाळ बघावं तसे वाकून ते बघायचो. न बघून सांगता कुणाला?

"आत काय साठतंय ते बाहेरून दिसत नाही, वहिनी," हे त्यांचं पालुपद. एका सत्यनारायणाला खाली कथा चालू असताना केळशीकर वर यजमानांच्या टाकीशी होते. तीर्थप्रसाद घ्यायला आले तेव्हा कोपरापर्यंत चुन्यानं पांढरे.

या वेडाच्या मुळाशी सांगलीची एक म्हातारी आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. केळशीकरांनी लग्न केलं नव्हतं. आई सांगलीत एकटी. तिनं इंग्लंडला यावं आणि इथेच राहावं, एवढी एकच इच्छा या माणसाला होती. आणि आईची अटही एकच: पहाटे अंघोळीला कडकडीत पाणी. जन्मभर तिनं तांब्याच्या बंबात पाणी तापवून, वाफा निघत असताना अंगावर घेतलं होतं. तेवढं नसेल तर ती देवाला हात लावणार नाही आणि अन्नालाही नाही.

"तिला मी शब्द दिलाय," केळशीकर म्हणाले. "सांगलीत आहे कोण तिला?"

तुम्हाला तरी इथे कोण आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं.

पुढच्या वर्षी आईचं यायचं ठरलं आणि केळशीकरांनी आपल्या घरच्या टाकीवर जुन्या गोधड्या गुंडाळल्या, बाळंतिणीला गुंडाळावं तशा. तेवढ्यावर भागेना म्हणून एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना अंघोळीचं आमंत्रण दिलं. जेवणाचं नव्हे, अंघोळीचं. एका टाकीत किती बादल्या कडकडीत निघतात, त्याची परीक्षा. आम्ही पंचे-टॉवेल घेऊन गेलो. मी आत, आणि दाराबाहेर उभा राहून हा ब्रह्मचारी ओरडतोय, "वहिनी, अजून चटका बसतोय ना? खरं सांगा हं, भिडेखातर नको!"

आम्ही ओल्या केसांनी बाहेर पडलो तेव्हा त्यांच्या शेजारच्या मिसेस हिबर्ट फाटकाशी उभ्या होत्या. त्या विधवा बाई, एकट्या राहायच्या आणि नॉटिंगहॅमच्या रीतीनं सगळ्या जगाला 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणायच्या. मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "इज इट अ बॅप्टिझम, मी डक?"

"बाप्तिस्मा? तसंच काहीसं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

टाकी परीक्षेत पास झाली. इथे शहाणा माणूस थांबला असता. पण आई यायच्या आदल्या दिवशी केळशीकरांना वाटलं, एकदा शेवटचा हात फिरवावा. त्यांनी टाकी उपसली आणि आतला तळ खरवडून लख्ख केला. संध्याकाळी पुन्हा पाणी भरलं, तर दिवाणखान्याच्या छतातून धार लागली. मी गेले तेव्हा ते जिन्यात बसले होते, हातात पाना.

"वहिनी," ते म्हणाले, "पेशंट खड्यांवरच जगत होता. मी खडे काढले."

तांबं कधीच झिजून गेलं होतं. भोकं बुजवून चुनाच टाकी धरून होता. नवी टाकी बसवायला प्लंबर तयार होता, पण त्या थंडीत सगळ्या गावाचे पाइप फुटले होते. तो म्हणाला, नंबर लागेल तेव्हा येईन. आणि आईचं विमान तर निघालेलं. केळशीकर अंधारातच कामावर जाणार, आणि गॅसवर बादलीभर पाणी तापवून जिना चढवणं आईंना एकटीला झेपणारं नव्हतं.

तेव्हा मी जे केलं ते शेजारधर्म म्हणून केलं, आणि थोडं गंमत बघायला म्हणूनही. रोज सकाळी आमच्या ह्यांना कामावर आणि थोरल्याला शाळेत पाठवलं की धाकट्याला काखेत मारायचं आणि झाकण घातलेली कढत पाण्याची बादली घेऊन चार घरं पलीकडे केळशीकरांकडे जायचं. मिसेस हिबर्टना कळलं तशा त्याही दोन्ही हातांत दोन केटल्या घेऊन यायला लागल्या. पहाटेची अंघोळ नवाच्या पुढे गेली. पण आईंनी कुरकुर केली नाही. परक्या बाईनं तापवलेलं पाणी चालतं का, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला: "उकळलं की सगळं शुद्ध."

आई नऊवारीवर दोन स्वेटर घालायच्या, डोक्याला लोकरीची टोपी. अंघोळ आणि पूजा झाली की मला म्हणायच्या, "सुमन, बस गं, कुठे पळतेस? चहा घे." मग तास-दोन तास सहज जायचे. मिसेस हिबर्टशी त्या स्वच्छ मराठीत बोलत, आणि ती बाई स्वच्छ इंग्रजीत उत्तर देई. विषय बहुतेक गुडघे. दोघी मिळून मटार सोलायच्या, आणि एकदा मी गेले तर मिसेस हिबर्ट लसणाची चटणी लावून टोस्ट खात होत्या, डोळ्यांतून पाणी गाळत.

शेवटी प्लंबर आला, नवी टाकी बसली. मी सुटले म्हटलं. खोटं कशाला बोलू? चार घरं बादली वाहून माझा खांदा भरून आला होता. पुढचे दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ.

एका संध्याकाळी केळशीकरांचा फोन. आवाज खाली. "वहिनी, परत बिघडली हो."

"नवी टाकी?"

"नवीच. जमेल का उद्यापासून?"

फोन ठेवून मी यांच्याजवळ पोटभर हसले. हॉस्पिटलातही बातमी पसरली. दुसऱ्यांच्या टाक्या उघडत हिंडणाऱ्या केळशीकरांची स्वतःची टाकी चालत नाही म्हणून लोक टाळ्या देऊन हसले. केळशीकर मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आम्ही पुन्हा बादल्या वाहू लागलो.

एकदा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी बादली घेऊन वर बाथरूमात गेले. हाताला तेलकट काहीतरी लागलं होतं म्हणून सहज नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. पाणी असं कढत की आरशावर वाफ धरली.

मागे वळले तर दारात केळशीकर.

"भाऊजी," मी म्हटलं, "टाकी बिघडलीय ना?"

त्यांनी नळ बंद केला, दार लोटून घेतलं. "हळू बोला. आई ऐकेल. रोज जाताना टाकीचा स्विच बंद करून जातो, आज राहिला."

मग ते अंघोळीच्या टबाच्या काठावर बसले. "नवी टाकी बसली आणि घरात कुणी येईना, वहिनी. मी सकाळी अंधारात जातो, अंधारात येतो. ती दिवसभर त्या खिडकीशी बसायची. दोन-चार दिवसांतच मला म्हणाली, 'मनू, माझं परतीचं तिकीट कधीचं रे?' पाणी तर कडकडीत होतं. तक्रारीला जागा नव्हती. तरी जाते म्हणाली."

"मग आम्हाला बोलवायचं होतंत ना!"

"आला असतात. एकदा आला असतात, दोनदा आला असतात." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बादली म्हटली की रोज यावंच लागतं."

ते खरं होतं. ज्या माणसाला या परक्या गावात मिरवायला एवढी एकच विद्या होती, त्यानं तीच आपण होऊन बुडवली होती, आणि वर आमचं हसणं सोसलं होतं.

"आता विचारतात का तिकिटाचं?" मी म्हटलं.

"नाही. काल म्हणाली, चैत्रात सुमनच्या हळदीकुंकवाला हिबर्टबाईंनाही बोलवायचं. मी म्हटलं, त्या विधवा आहेत. तर म्हणते, इंग्रजांच्यात चालत असेल."

खालून मिसेस हिबर्टच्या केटल्यांचा आवाज आला, आणि आईंचा. "मनू, सुमन आली का रे? पाणी आणलंन का?"

केळशीकर उठून उभे राहिले. माझ्या बादलीतलं पाणी एव्हाना वाटेत निवून कोमट झालं होतं. मी ते अर्धं ओतून दिलं, बादली नळाखाली धरली, चांगली कडकडीत भरून घेतली आणि जिन्यातून हाक मारली, "आले हो आई! या, पाणी आणलंय."