आईच्या अंगणातली परराज्याची नंबरप्लेट

मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही! आमच्या गावच्या धान्यकोठीवर मी हिशेबनीस आहे. मक्याने भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढला की मी आधी आत कोण बसलंय ते बघतो. ट्रक भरलेला तोलताना जाडा मेहुणा आत, आणि रिकामा तोलताना मेहुणा कॉफी प्यायला बाहेर, असले प्रकार माझ्याकडे चालत नाहीत. "आधी मेहुणा उतरवा!" ही माझी आरोळी इकडच्या अर्ध्या नेब्रास्का राज्यात प्रसिद्ध आहे.

अशा माणसाच्या आईच्या अंगणात एका सकाळी बसएवढी गाडी येऊन उभी राहिली. आता बोला!

गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. मालक ऑर्व्हल टिस्डेल. वय आईच्या आसपास, म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढे. डोक्यावर हॅट, पायांत चकचकीत नाचाचे बूट. आमच्या गावच्या हॉलमध्ये राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनी रोलची पंगत होती, त्यानंतर पोल्काचा नाच. हा गृहस्थ हमरस्त्याने जाता जाता अ‍ॅकॉर्डियन ऐकून आत शिरला, दोन वाट्या चिली हाणली, आईबरोबर नाचला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात मुक्कामाला! एप्रिलची ही गोष्ट. सप्टेंबर उजाडला तरी बस तिथेच.

आणि त्या बसला नंबरप्लेट दक्षिण डकोटाची! त्या राज्याच्या प्लेटवर डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्ष असतात. मी आईकडे गेलो की ते चौघे दगडी डोळे वटारून माझ्याकडे असे बघायचे, की चोर मीच!

"आईला विचारलंस का, कोण कुठला आहे तो?" मी बायकोला म्हणालो.

"छान नाचतो, म्हणाल्या," मार्लिस म्हणाली.

"हे उत्तर झालं?"

"एमिल, तुझी आई बावीस वर्षांनी नाचली. मला तरी पुरे आहे."

मला पुरे नव्हतं. बाबांनी आईसाठी मागे ठेवलेलं घर, त्यावर एका पैचं कर्ज नाही. आई भोळी. अशा बाईच्या अंगणात बिनघराचा माणूस पाच महिने फुकट डोलत असतो, तो काय नुसत्या पोल्कासाठी? मला रात्रंदिवस एकच धास्ती: हा गोडबोल्या एक दिवस घरही घेईल आणि आईही नेईल!

म्हणून मी एका रविवारी, आई खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे आमचे कोलाचे, ताटात मांडत होती तेव्हा, सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय ऑर्व्हल, दक्षिण डकोटात किती वर्षं काढलीत?"

"वर्षं? छे छे! एक रात्र."

"एक रात्र?"

"तंबूवाल्यांच्या मैदानावर. सकाळी पावती घेतली, कचेरीत दाखवली, झालो रहिवासी. आम्ही चाकांवरची माणसं सगळी तिथलीच असतो. पत्रं यायला एक डबा भाड्याने मिळतो."

ऐकलंत? आमच्या गावात राहायला येऊन चाळीस वर्षं झालेल्या दंतवैद्याला लोक अजून 'तो नवीन डॉक्टर' म्हणतात, आणि हा एका रात्रीत अख्ख्या राज्याचा सुपुत्र!

"पण आता राहता इथे," मी म्हणालो. "नेब्रास्कात राहायला आलात की महिन्याभरात गाडीचा मालकीचा कागद इथला लागतो, नोंदणी इथली लागते, प्लेट इथली लागते. कायदा आहे!"

माझा हिशेब साधा होता. माणूस सच्चा असेल तर कागद काढेल. लफंगा असेल तर रात्रीतून बस घेऊन पसार होईल. दोन्हीकडून फायदा माझा!

ऑर्व्हलने आईकडे पाहिलं. आईने कोलाचेकडे पाहिलं.

"बरोबर आहे पोराचं," ऑर्व्हल शेवटी म्हणाला. "उद्याच जाऊ. तू येतोस सोबत?"

पोराचं! मी छप्पन्न वर्षांचा आहे. आणि इतक्या चटकन कोण 'हो' म्हणतं हो? माझा संशय दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसमधून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीकडे निघालो. आई पुढे राणीसारखी, मी मागे बेसिनपाशी. परराज्यातून आलेल्या गाडीची आधी शेरीफच्या माणसाकडून तपासणी होते. गाडीवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला पाहिजे. डेप्युटी होयट नावाचा तरुण हातात टॉर्च घेऊन आला आणि समोरच्या काचेतून डोकावला.

"इथे असायला हवा नंबर," तो म्हणाला. "पण इथे तर काहीतरी चिकटवलंय."

मी उडी मारून पुढे गेलो. काचेखालच्या पट्टीवर, इकडून तिकडे, क्रोशाची जाळीदार झालर! आणि तीही डिंकाने पक्की चिकटवलेली. नंबर बरोब्बर तिच्याखाली!

"अहाहा!" मी ओरडलो. "का हो ऑर्व्हल, नंबर कशासाठी झाकलात? होयट, लिहून घे! चोरीची गाडी! मी एप्रिलपासून सांगतोय!"

"कोणाला सांगताय?" होयट म्हणाला.

"बायकोला!"

ऑर्व्हल हॅट काढून डोकं खाजवायला लागला. होयटचा हात कमरेकडे गेला. मला वाटलं, बेड्या काढतो! त्याने खिशातला चाकू काढला आणि झालर खरवडायला लागला.

"खबरदार!" आई कडाडली. "आख्खा जून घातलाय मी त्या झालरीत!"

"तू केलीस ही?" मी विचारलं.

"मग काय तो करणार? उन्हाने ती पट्टी तडकायला लागली होती. मी विणली, मीच चिकटवली. सुतारकामाचा डिंक होता तुझ्या बाबांचा, अडगळीच्या खोलीतला. घट्ट बसतो."

फार घट्ट बसला होता! होयट भर उन्हात चीज किसल्यासारखा खरवडत होता आणि आई त्याच्या डोक्यावर उभी राहून "हळू! फुलाला लावू नकोस! त्या बाजूने!" असा हुकूम सोडत होती. शेवटी नंबर दिसला. होयटने मोठ्याने वाचला. ऑर्व्हलने कागदावरून वाचला. मी दोघांच्या मधे मान घालून एकेक अक्षर ताडून पाहिलं.

जुळला. तंतोतंत जुळला! मला फार वाईट वाटलं.

तपासणीचा कागद घेऊन आम्ही आत खिडकीपाशी गेलो. खिडकीत व्हरलीन कुबिचेक. ही शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, आणि तेव्हापासून मला ओळखून आहे.

"मालकीचा कागद आहे, तपासणी आहे, विमा आहे," ती म्हणाली. "राहता कुठे, मिस्टर टिस्डेल?"

"गाडीत."

"आणि गाडी कुठे राहते?"

"मी जिथे असतो तिथे."

व्हरलीनने चष्मा काढला. "हे बघा, गाडी जिथे मुक्कामाला असते तो पत्ता मला लागतो. रस्ता, घर नंबर. गाडी हाच गाडीचा पत्ता, असं मला लिहिता येत नाही."

"मग माझा लिही ना," आई म्हणाली. "माझ्याच अंगणात तर असते."

आईचं घर! सरकारी कागदावर! आईच्या घराच्या नंबरासमोर याचं नाव! आज पत्ता, उद्या कपाट, परवा घर! हेच तर हा पाच महिने टपून बसला असणार! तरीच काल एवढ्या चटकन 'हो' म्हणाला!

"नाही!" मी खिडकीवर हात आपटला. "आईचा पत्ता मुळीच नाही!"

"मग कोणाचा?" व्हरलीनने विचारलं.

रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. आई बघत होती. कोणाचा तरी द्यायलाच हवा होता.

"माझा!"

मागे कोणीतरी "अरे वा!" म्हणालं.

"एमिल," व्हरलीन हळूच म्हणाली, "पत्ता जिथला, गाडी तिथे उभी राहणार. समजतंय ना तुला?"

"समजतंय," मी म्हणालो. समजत काही नव्हतं.

ऑर्व्हलने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी! "आजवर मला कोणी असं घरात घेतलं नव्हतं, पोरा!" मग त्याने राज्याचा कर, नोंदणीची फी, सगळं हसत हसत भरलं. कर भरताना हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पुन्हा संशय! पण आता सही झाली होती.

संध्याकाळी बस माझ्या दारात आली. मी मागे उभा राहून "या, या, येऊ द्या, येऊ द्या" करत होतो, तो टपालपेटीचा खांब आडवा झाला. बस ड्राइव्ह-वेत शिरली आणि माझ्या गॅरेजचं दार कायमचं बंद झालं. आत माझी पिकअप कोंडलेली.

मार्लिस पायरीवर उभी राहून पदर नसतानाही तोंड झाकून हसत होती. "तू त्यांना आईंच्या दारातून हाकलायला गेला होतास ना?"

"हाकललंच की!" मी म्हणालो.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. धान्यकोठीवर जो तो माझी पाठ थोपटायला लागला. "एमिलने सावत्र बाप दत्तक घेतला!" शेजारणीने स्वागताचे दालचिनी रोल पाठवले. त्यातले निम्मे ऑर्व्हलनेच खाल्ले. आणि आई? ती रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला लागली. माझ्याकडे म्हणजे बसमध्ये. आत अ‍ॅकॉर्डियनची टेप, बाहेर माझ्या खिडक्या थडथडतायत! मी पडदा बाजूला करून नजर ठेवायचो. निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी होते. आईचं घर सुरक्षित होतं. सगळा जमाखर्च बघता जिंकलो मीच होतो!

नव्या प्लेटा आल्या तेव्हा ऑर्व्हलचा गुडघा धरला होता. त्याला वाकता येईना. मग मीच स्क्रूड्रायव्हर आणला. ते चार दगडी राष्ट्राध्यक्ष उपटून काढताना मला जो आनंद झाला, तो काय सांगू! त्या जागी नेब्रास्काची प्लेट, नंबराच्या सुरुवातीलाच आमच्या काउंटीचा आकडा. आता पळ म्हणावं कुठे पळतोस!

मी उभा राहून पाहतोय, तोच आईची गाडी येऊन थांबली. आई उतरली. अंगात नवा कोट. हातात बॅग. मागोमाग दुसरी बॅग. मग लोणच्याच्या बरण्यांचं खोकं.

"हे काय आई?"

"अ‍ॅरिझोनाला चाललोय. थंडी संपेपर्यंत."

"कोण?"

"आम्ही. तो तर जुलैपासून मागे लागला होता. मीच नाही म्हणत होते." आई प्लेटेपाशी वाकली आणि तिने त्यावरची धूळ कोटाच्या बाहीने पुसली. "म्हटलं, जन्म या काउंटीत गेला, आता म्हातारपणी परक्या राज्याच्या प्लेटेच्या गाडीत बसून गावातून जाऊ? लोक काय म्हणतील, कुठल्या भटक्याबरोबर पळाली! पण आता काय, आपलीच गाडी आहे. तुझ्याच पत्त्यावरची!"

ऑर्व्हलने भोंगा वाजवला. आईने माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. "कुंड्यांना पाणी घाल. आणि एमिल, तू किती धडपडलास रे आमच्यासाठी!" तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि बसची पायरी चढून दार लावून घेतलं.

घर सुरक्षित होतं. किल्ली माझ्याच हातात होती. आई तेवढी निघाली होती.

बस कोपऱ्यावर वळली. मार्लिस माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हात हलवत राहिली.

"प्लेट हलत तर नाही ना रे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "चारी स्क्रू मीच आवळलेत."