चौधरी सरांची अर्धी ओळ

चौधरी सरांनी पहिल्या घंटीला फोन उचलला, असा अनुभव आमच्या गल्लीत कोणालाच नाही. फोनच्या घंटीसाठी त्यांनी स्वतःच्या पेटीवर वाजवलेली एक ओळ भरून ठेवली आहे. ती ओळ फिरून सा वर येईपर्यंत ते फोन हातात धरून ऐकत बसतात. तेवढ्यात समोरचा माणूस कंटाळून फोन ठेवतो. एकदा गॅसवाला दारात उभा राहून फोन करत होता, तो तसाच परत गेला.

मी म्हटलं, "सर, नुसतं 'हॅलो' म्हणायचं होतं."

"मॅडम, ओळ मधेच तोडायची म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे," ते म्हणाले. "सिलिंडर काय, येईल."

सिलिंडर पुढच्या आठवड्यात आलं. तोवर त्यांच्या बायकोने, शैलाकाकूंनी, आमच्या गॅसवर भात लावला आणि भाताला उकळी येईपर्यंत नवऱ्याबद्दल जे काय बोलायचं ते बोलून घेतलं.

मी बुरहानपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. सर आमचे शेजारी. मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले आणि बाहेरच्या खोलीत क्लास काढला. मधली खोली झोपायची, मागे स्वयंपाकघर. समोरच्या गल्लीत पावरलूम आहेत, त्यांची खटखट दिवसभर चालू. सर म्हणतात, "चांगलं आहे. लय बिघडली की पोरींना लगेच मालूम पडतं."

चाळिशी उलटल्यावर मीही त्यांच्या क्लासला जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला सूर लावायला सांगितलाच नाही. समोर बसून म्हणाले, "काल मी दापोऱ्याला गेलो आणि..." आणि गप्प बसले.

मी वाट पाहिली. शेवटी विचारलं, "आणि काय?"

"बघा. तुम्हाला राहवलं नाही. म्हणजे वाक्य अर्धं आहे, हे तुम्हाला कळलं. आता ऐका. काल मी दापोऱ्याला गेलो आणि केळीचा घड आणला. झालं समाधान?"

"झालं."

"गाण्यात एवढंच ऐकायचं असतं. पहिला तुकडा विचारतो, दुसरा उत्तर देतो. लोक सूर मोजतात. वाक्य कोणी ऐकतच नाही."

मग त्यांनी स्वतः बांधलेली भूप रागातली एक छोटी बंदिश म्हटली. 'साँझ भई तापी तीर', इथं सूर पंचमावर जाऊन उभा राहिला. 'अब घर आवो', इथं तो उतरत सा वर आला. "पंचमावर आपण थांबलो," ते म्हणाले, "सा वर टेकलो. थांबणं वेगळं, टेकणं वेगळं. अंतरा वरच्या सा पर्यंत कितीही हिंडून येवो, शेवटी त्याला याच ओळीकडे परत यावं लागतं."

'टेकलं का?' हा त्यांचा जगाला प्रश्न होता. तान संपली की विद्यार्थिनीला टेकलं का. जेवण झाल्यावर पाहुण्याला टेकलं का. पंखा दुरुस्त करून शिडीवरून उतरणाऱ्या माणसालाही टेकलं का, आणि तो बिचारा खाली बघून म्हणाला, "हो साहेब, दोन्ही पाय."

न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना त्याने रेडिओ बंद केला, तर सर गालाला फेस तसाच ठेवून म्हणाले, "अंतरा चालू आहे, मुखड्यावर येऊ द्या, मग बंद करा." एका सत्कारात प्रमुख पाहुण्यांचं भाषण 'आणि म्हणूनच', 'त्याचबरोबर' करत काही केल्या खाली येईना. पहिल्या रांगेतून सर हात जोडून शांतपणे म्हणाले, "साहेब, आता टेका." त्यानंतर त्यांना सत्काराची पत्रिका आली नाही.

शैलाकाकूंना या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या दापोऱ्याच्या, केळीच्या बागायतदाराच्या घरातल्या. "तुमचं गानं तुमच्यापाशी," त्या म्हणायच्या. "मले कुकरची शिट्टी समजते, तेवढं बस आहे." क्लास चालू असताना त्या कधी बाहेर येऊन बसल्या नाहीत. भिंतीपलीकडून फक्त त्यांचे प्रश्न यायचे. भाजी कोणती करू, बाहेर चालले का, केव्हा येणार, शर्ट का नाही बदलला. सर वैतागून आलाप थांबवायचे. "शैला, वाक्य पूर्ण होऊ दे."

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एका सकाळी काकू स्वयंपाकघरात पडल्या. लकवा होता. उजवी बाजू गेली. जळगावच्या दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी घरी आणलं तेव्हा हात थोडा हलू लागला होता, पण बोलणं गेलं होतं. सगळं समजायचं. तोंड उघडायच्या, जीव एकवटायच्या, आणि 'अ, अ' एवढंच यायचं. मग डोळ्यांतून पाणी. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

सरांनी क्लास बंद केला. पेटीवर चादर पडली.

एका दुपारी मी ताक घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. सर पलंगाजवळ स्टुलावर बसून काकूंची बोटं एकेक करून चोळत होते आणि बहुधा नकळत गुणगुणत होते, 'साँझ भई तापी तीर'. मी उंबऱ्यातून म्हटलं, "सर, ताक आणलंय." ते गाता गाता थांबले आणि माझ्याकडे वळले.

पलंगावरून आवाज आला, "अब घर आवो."

जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होते आणि सूर सा वर उतरला होता. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. काकू स्वतःच दचकल्या होत्या. सरांनी पुन्हा पहिला तुकडा म्हटला आणि पंचमावर थांबले. अर्ध्या ओळीवर हा माणूस आपणहून थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. काकूंनी ओळ पुरी केली. मग पुन्हा. मग पुन्हा. इतकी वर्षं भिंतीपलीकडे भाजी चिरता चिरता त्यांनी काय काय ऐकून ठेवलं होतं, देव जाणे.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या जळगावच्या मॅडम म्हणाल्या, असं काही लोकांत होतं. बोलण्याची वाट बंद पडते, गाण्याची उघडी राहते. करत राहा.

सरांनी मग घरातलं सगळं बोलणं भूपात बसवलं. 'पाणी देऊ का तुला', पंचमावर थांबायचं. 'द्या थोडं', काकू उतरत उत्तर द्यायच्या. सकाळी गोळ्या, दुपारी खिचडी, संध्याकाळी पाय दुखतो का नाही. भाजीवाली खिडकीतून ऐकून म्हणाली, "बाबूजी, भेंडी भी गा के लोगे क्या?" सर म्हणाले, "आज नको," आणि तेही सुरात म्हणून गेले.

त्यांची मुलगी मेघा इंदूरहून आली ती आईला घेऊन जायचंच ठरवून. बॅग भरताना म्हणाली, "बाबा, हे काय खेळ चालवलेत तुम्ही? आईला ट्रीटमेंटची गरज आहे, गाण्याची नाही."

सर उठले. काकूंपाशी जाऊन त्यांनी पहिला तुकडा म्हटला, 'जाशील का गं इंदूरला'.

काकूंनी मेघाकडे पाहिलं. डोळे भरले. पण सूर हलला नाही. "इथंच बरी."

मेघा बॅगेजवळ खाली बसली आणि एकेक लुगडं परत कपाटात ठेवू लागली.

गल्लीत सगळे म्हणाले, सरांनी जिंकलं. एका संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी त्यांना तसं म्हटलं.

"मॅडम, ती उत्तर देते," ते म्हणाले. "सगळ्याचं देते. पण विचारत काही नाही. मी घातली ओळ की ती पुरी करते. मी गप्प बसलो की घर गप्प. बाजारातून दोन घंटे उशिरा आलो परवा, मुद्दाम. काही नाही. आधी दिवसभर विचारायची आणि मी तिला गप्प करायचो."

मी शेजारी बसून राहिले.

उन्हाळ्यानंतर त्यांनी क्लास पुन्हा सुरू केला, मधलं दार उघडं ठेवून. परवाच्या रविवारी आम्ही चार बायका आणि दोन कॉलेजच्या पोरी जमलो होतो. सर उन्हातून औषधं घेऊन आले, घाम पुसला आणि तसेच तंबोऱ्यापाशी बसले. तारा लावून होत आल्या होत्या.

आतून काकूंचा आवाज आला. हळू, एकेक सूर चाचपत. "जेवले... का... तुम्ही?"

ओळ पंचमावर येऊन थांबली.

सरांचा हात तारेवर तसाच राहिला. त्यांनी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांनीच शिकवलेलं. पण गळ्यातून काही निघेना. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या.

"जेवले का तुम्ही?" काकूंनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा चढ्या आवाजात.

"नाही," सर म्हणाले. साधं, भसाड्या आवाजात. तंबोरा भिंतीला टेकवून ते आत गेले.

भांडं सरकल्याचा आवाज झाला. मग काकू म्हणाल्या, "मग जेवा ना. किती उशीर." त्याला ना भूप होता ना कुठला सूर. दापोऱ्याची बाई नवऱ्यावर करवादावी तसं ते नुसतं बोलणं होतं.

आम्ही पेटी बंद केली, पोरींना खूण केली आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो.