नानांचा कासरा

देवरे नाना कमरेला बैलाचा कासरा बांधल्याशिवाय गाडीच्या वायरला हात लावत नसत. त्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. "मी चिकटलो तर ओढ. मला शिवू नको," एवढंच बजावत. नाना आमच्या गॅरेजचे इलेक्ट्रिशियन, मूळचे सटाण्याकडचे. मी तिथं काउंटरवर बसायचो. विजेला त्यांच्याइतका घाबरणारा माणूस मी नाशकात दुसरा पाहिला नाही. साध्या गाडीच्या बॅटरीनं कधी कोणी मेलंय का, असं आम्ही म्हणायचो. नाना ऐकून घ्यायचे आणि गाठ आवळायचे.

कोणाकडे गेले तर बेल दाबायची नाही, फाटकातून हाक मारायची. गणपतीत रोषणाईच्या माळांपासून चार हात लांबून नमस्कार. बाप्पाला समजतं, वायरमनला समजत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ओल्या दोरातून करंट येतो म्हणून कासरा रोज उन्हात वाळत घालायचे. गिऱ्हाइकांना वाटे, मालकानं बैल पाळलाय.

हायब्रीड गाड्या तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांची अशी गाडी आमच्याकडे आली. पेट्रोलचं इंजिन आणि शिवाय मागच्या सीटमागे मोठी बॅटरी. ती नीट चार्ज होत नाही, अशी तक्रार होती. बॅटरीतून करंट किती जातो, किती येतो ते मोजायचं. त्यासाठी जाड नारिंगी केबलभोवती चिमट्यासारखा मीटर अडकवायचा, बस. पण या बॅटरीत माणूस जागेवर जाईल एवढं व्होल्टेज होतं. त्या दिवशी नानांना कोणी हसलं नाही. मलाच धडकी भरली होती.

त्यात ही गाडी चालू आहे की बंद, तेच कळेना. आवाजच नाही. नाना रबरी हातमोजे नि गमबूट घालून लाकडी पाटावर उभे राहिले. घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "गप पडेल शे, पण करंट शे," ते पुटपुटले. त्यांचं 'शे' म्हणजे आपलं 'आहे'.

बॅटरीतून करंट ओढला जावा म्हणून मी गाडीचा एसी लावला आणि येऊन दोर घट्ट धरला. मीटर अडकला, आकडा चढू लागला. आणि कोणी हात न लावता इंजिन आपोआप सुरू झालं. नानांचं अंग ताठ झालं, तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, चिकटले. दोर टाकून मी धावलो आणि त्यांना कवळ घालून मागे खेचलं.

नाना चिकटले नव्हते, दचकले होते. बॅटरी उतरली की या गाडीचं इंजिन स्वतःच चालू होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पण नानांनी वळून माझ्या कानाखाली वाजवली. मग माझे हात उलटेपालटे करून पाहिले, पुन्हा पुन्हा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोर कशाला दिला होता तुला?"

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. तरुणपणी विहिरीवर मोटर चालू करताना ते चिकटले होते. बायको भाकरी घेऊन आली होती. तिनं धावत येऊन त्यांचा हात धरला. ते फेकले गेले नि वाचले. ती वाचली नाही.

"चारचौघांत माझ्या शेजारी उभी राहायला लाजायची रे," नाना म्हणाले. "आणि सगळ्या मजुरांदेखत हात धरला."

मालकांनी केबिनमधून आकडा विचारला. नाना डोळे पुसत उठले. पुन्हा मोजावं लागेल म्हणाले, फक्त दोर धरायला दुसरं कोणीतरी द्या.

"हा नको," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "याचा जीव आहे माझ्यावर."