मेल्यावर दोन पानं

शोकांतिका कशाशी खातात हे सोलापूर जिल्ह्यात मला एकट्यालाच कळतं, असं माझं गेल्या फेब्रुवारीपर्यंत ठाम मत होतं. इंग्रजी विभागाचा प्रमुख आहे मी! बावीस वर्षं चारशे वर्षांपूर्वीची विलायती नाटकं शिकवतोय. विष, खंजीर, भूत, सूड! इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझी तक्रार केलेली नाही. झोपलेली पोरं तक्रार करत नाहीत.

तेव्हा यंदाच्या स्नेहसंमेलनात रेकॉर्ड डान्स बंद, अस्सल विलायती शोकांतिका होणार, असं मी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगितलं. गोष्ट सोपी होती. एका राजाची विधवा. राज्य तिचं, पण बळकावतो दीर. 'माझं मला द्या' म्हणाली की तिला विष! मग तिचं भूत येतं आणि भर दरबारात दिराचे वाभाडे काढतं. दीर मी, दिग्दर्शक मी, आणि पोस्टरवर 'अनुवाद' या शब्दापुढेही मीच.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? अनुवाद माझा नव्हता. तो हेमावती मॅडमचा. आमच्याच विभागात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीच्या. घरात कानडी, वर्गात इंग्रजी, आणि मराठी अशी की आमच्या मराठी विभागाने तोंड लपवावं. दिवाळीची सगळी सुट्टी त्यांनी त्या नाटकात घातली होती. मार्चमध्ये कायम जागेची मुलाखत होती, आणि नावावर एवढं काम असतं तर त्यांचं पारडं जड झालं असतं.

"सर, पोस्टरवर माझं नाव राहिलंय बघा."

"राहिलं नाही मॅडम, जागाच नव्हती!"

"तुमचं तीनदा आहे की!"

"ती मांडणी आहे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी इथं असेन का नाही, तेच तर..."

"मॅडम, कलावंताने नावाच्या मागे लागू नये!" असं म्हणून मी पोस्टर सरळ केलं.

विधवेचं काम मात्र पुरुषालाच द्यायचं, हे मी ठरवलं होतं. त्या काळी विलायतेत बायकांची कामं पोरंच करायची. परंपरा म्हणजे परंपरा! शिवराज नावाचा एक नाजूक विद्यार्थी तयार झाला. पण आठ दिवस आधी त्याचं लग्न ठरलं, आणि केम गावचे होणारे सासरे जावयाचं नाटक बघायला येतो म्हणाले. सासऱ्यासमोर लुगडं नेसण्यापेक्षा मिशी ठेवलेली बरी, असं म्हणून पोरगा पळाला. सगळे संवाद पाठ असलेली व्यक्ती एकच होती. जिने ते लिहिले होते ती!

तालमीत हेमावती मॅडमनी वही बंद केली. "सर, मला एक सांगा. जिवंतपणी या बाईला चार ओळी, आणि मेल्यावर दोन पानं?"

"अहो, त्या काळी बाईने दरबारात बोलायचं कसं? म्हणून लेखक तिला भूत करतो. भुताला सगळं माफ!"

"म्हणजे ऐकून घ्यायचं तर आधी मरायला पाहिजे."

मी खदाखदा हसलो. मला तो विनोद वाटला होता.

प्रयोग दुपारी चारला, मैदानातल्या मांडवात. भुताच्या प्रवेशाला रेकॉर्डचं संगीत नको, काहीतरी अस्सल हवं, म्हणून मी आमच्या धनगरवाड्यावरच्या पोरांना ढोल घेऊन बोलावलं. केवढी कल्पकता! त्यातच रंगपेटीतली पांढरी पावडर संपली. विलायती भूत फिकट असतं, मग पिवळं का असू नये? पोरांजवळच्या पिशवीत भंडारा होता. मीच मूठभर घेऊन मॅडमच्या कपाळाला, गालांना फासला आणि केस मोकळे सोडायला सांगितलं.

आता तुम्हीच सांगा. मोकळे केस, तोंडाला भंडारा, मागे धनगरी ढोल, आणि पुढच्या चार रांगांत मंगळवेढ्याकडून पोरांचं कौतुक बघायला आलेल्या आया! त्यांना यातून काय दिसणार? विलायत?

हेमावती मॅडम घुमत घुमत आल्या आणि मांडव चिडीचूप झाला. पहिली रांग उठून उभी राहिली. बजाबाई नावाची एका विद्यार्थ्याची आई पदर सावरत थेट रंगमंचावर चढली, पायांवर डोकं ठेवलं आणि हात जोडून विचारलं, "आई, कोन तू? कुटनं आलीस? काय पायजे तुला?"

धनगरांची मायाक्का अंगात आली की हे विचारावंच लागतं. विचारलं नाही तर देवी कोपते. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. फक्त मी विसरलो होतो!

योगायोग बघा, भुताचं पुढचं वाक्य होतं, "जिचं होतं ते हिरावून घेतलं, ती मी."

"कुनी घेतलं, आई?"

"ह्याने!" बोट माझ्याकडे. नाटकात तसंच होतं हो! मी राजमुकुट घालून उभा!

"ह्यो व्हय!" बजाबाई माझ्याकडे वळली. "सर हाय का कोन हाय! नाक घास आदी!"

"अहो बाई, हे नाटक आहे!"

"देवीला नाटक म्हंतोय बगा ह्यो!"

मांडव खवळला. प्राचार्यांच्या मिसेस चप्पल काढून हात जोडत्या झाल्या, तसे प्राचार्यही विंगेतून अनवाणी धावत आले. "युवराजराव, घासा नाक! पालक वर्ग आहे!"

घासलं. बावीस वर्षांचा अनुभव, पुठ्ठ्याचा मुकुट, आणि फळीवर नाक!

मान वर केली तर हेमावती मॅडम माझ्याकडे बघत होत्या. डोळे अगदी शुद्धीवर. मग त्यांनी संहिता सोडली. शांत, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे नाटक मी लिहिलंय. रोज पहाटे उठून लिहिलंय. पोस्टरवर माझं नाव नाही. माझं नाव लावा."

हजार माणसं ऐकत होती.

"आईचं नाव लावलं न्हाईसा?" बजाबाईने कपाळावर हात मारला. "लई मोठी चूक झाली की रं!"

"लावतो!" प्राचार्य हात जोडून म्हणाले. "सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात लावतो, आई!"

मॅडमच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे हसू आलं, ते सहा वर्षांत मी पाहिलं नव्हतं. बायांनी त्यांची ओटी भरली आणि पडदा पडला.

प्राचार्य शब्दाला जागले. लोकाग्रहास्तव दुसरा प्रयोग जाहीर झाला आणि फाटकावर नवा फ्लेक्स लागला. सगळ्यांत वर, हातभर अक्षरांत, 'श्री मायाक्का देवी प्रसन्न'. त्याखाली, अनुवाद : मी.

हेमावती मॅडम त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उन्हात उभ्या होत्या. मी मागच्या दाराने घरी गेलो.

मार्चमध्ये मुलाखत झाली. विभागप्रमुख म्हणून समितीत मीही होतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या अंगात येतं म्हणे?"

"तो अभिनय होता सर. आणि त्या नाटकाचा अनुवादही माझा आहे."

तज्ज्ञांनी माझ्याकडे पाहिलं. "फाटकावरच्या फ्लेक्सवर तर तुमचं नाव आहे ना?"

एक शब्द बोललो असतो तर बाईचं आयुष्य मार्गी लागलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी पिताना बोलता येत नाही.

मॅडम बाहेर गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "आपली संस्था विज्ञाननिष्ठ आहे. अंगात येणाऱ्या बाईला कायम कसं घ्यायचं?" हे म्हणणारे तेच, फेब्रुवारीत अनवाणी धावलेले! जागा दुसऱ्याला गेली.

जूनमध्ये मॅडम कपाटातली पुस्तकं न्यायला आल्या. मला राहवलं नाही. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा उत्सुकता मोठी. विचारलं, "मॅडम, खरं सांगा, त्या दिवशी खरंच आलं होतं का हो अंगात?"

त्यांनी पुस्तकं खाली ठेवली. "सर, सहा वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा माझं बोलणं सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हा मला एक गोष्ट कळली, की बाईने..."

"तसं नाही हो मॅडम!" मी म्हणालो. "आधी माझं ऐका!"

त्यांनी ऐकलं. सगळं ऐकलं, पिशवी उचलली आणि गेल्या. त्यांना काय कळलं होतं, ते राहिलंच विचारायचं.